पटावरची माणसे : दादरा-नगर हवेलीच्या लोकसंख्येचा आणि अर्थजीवनाचा इतिहास



या शाळेच्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषयाची निवड आपण माझ्यावर सोपविली होती. सिल्वासात इतिहासावर बोलायचे म्हटले की १९५४ चा मुक्तिसंग्राम डोळ्यांपुढे येतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या रणसंग्रामाची कथा या व्यासपीठावरून आणि इतरत्र अनेकदा सांगितली गेली आहे. आज मी तिच्या मागे-पुढे राहिलेल्या एका साध्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. या ४९१ चौरस किलोमीटरच्या मुलखात कोण राहत होते, ते कशावर जगत होते, आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला शाळा कितपत आली?

शाळेच्या कपाटात एक जाडजूड वही असते. तिला आपण जनरल रजिस्टर म्हणतो. मुलाचे नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण, एवढेच रकाने तिच्यात असतात. राजदरबारच्या कागदांत ज्यांचे नाव कधीच येत नाही, अशा घराण्यांची पहिली लेखी नोंद बहुधा या वहीतच सापडते. म्हणून आजच्या विवेचनास मी ‘पटावरची माणसे’ असे नाव दिले आहे.

१. महसुलाच्या हिशेबातला मुलूख

नगर हवेली हा परगणा रामनगरच्या राजांकडून मराठ्यांच्या ताब्यात आला. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे अनेक वर्षे चालला आणि १७७९ च्या पुणे तहात पोर्तुगीजांना वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी गावे प्रत्यक्ष हवाली झाली. आपल्या प्रदेशाची ‘७२ गावे’ ही ओळख या हिशेबातून निर्माण झाली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेशव्यांनी दिला तो सरंजाम होता, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार. मुलखाचे सार्वभौमत्व त्यांनी दिले नव्हते. पुढे पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तेव्हा १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांच्या दानाचा हाच अर्थ ग्रहण केला. मात्र मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मुकाट्याने मान्य केले, असेही न्यायालयाने नमूद केले. दमणहून या गावांकडे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा तो निकाल होता.

निकाल भारताच्या दृष्टीने समाधानकारक होता. तथापि त्यातील वाद होता तो वाटेचा. वाटेच्या टोकाला नागली पेरणारी, गवत कापणारी माणसे त्या वादात पक्षकार नव्हती. १७७९ च्या तहात ती बारा हजारांच्या आकड्यात सामावली होती, आणि १९६० मध्येही त्यांच्याविषयी दोन राज्येच बोलत होती.

२. अल्वारा, जंगल आणि वेठ

ही माणसे कोण? वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा, नायका आणि कोळघा अशा सात आदिवासी जमातींची नोंद आपल्या प्रदेशात आहे. यांत वारल्यांची संख्या सर्वाधिक. २००१ च्या गणनेत आदिवासींमध्ये दर पाचांतील तीनांहून अधिक वारली होते. सपाटीच्या पश्चिम भागात धोडियांची वस्ती अधिक, तर खानवेलपासून पूर्वेकडे दुधनी, मांदोनी, सिंदोनीच्या डोंगराळ पट्ट्यात वारली आणि कोकणा. या पूर्वपट्ट्याचे सोयरसंबंध पलीकडच्या तलासरी, जव्हार, मोखाड्याशी आहेत. सीमारेषा नकाशावर आहे. लग्नाची वऱ्हाडे आणि तारप्याचा नाच तिला फारसे मानीत नाहीत. आपल्याकडे गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा का आल्या, याचे उत्तर या भूगोलात आहे.

शेती पावसावरची. खाचरात भात, उतारावर नागली, वरई, खुरासणी, तूर. उरलेले वर्ष जंगलावर. साग, खैर, सादडा यांचे लाकूड आणि वाळलेले गवत वापी-भिलाडच्या रेल्वे स्थानकांकडे जाई. त्यातून पैसा निर्माण होई. परंतु तो लाकूड तोडणाऱ्याच्या घरी क्वचितच थांबे.

याचे मूळ जमिनीच्या व्यवस्थेत होते. पोर्तुगीज सरकारने १९१९ मध्ये ‘ऑर्गानिझासांव आग्रारिया’ नावाचा शेतीविषयक कायदा केला. त्याअन्वये ‘अल्वारा’ म्हणजे परवानापत्र देऊन जमिनी लागवडीसाठी देण्यात आल्या. लागवड करणे ही अट होती. ज्यांना लिहिता-वाचता येत होते आणि कचेरीत ज्यांचा वावर होता, त्यांना अशी पत्रे मिळविणे सोपे होते. अंगठा उठविणाऱ्याला आपण कसत असलेली जमीन कुणाच्या नावे गेली आहे, हे अनेकदा खंड मागायला माणूस आला तेव्हाच कळे. पावसाळ्यात धान्य संपले की खावटी काढायची, पीक आले की ती दिढी-दुपटीने फेडायची, आणि मध्ये जमीनदाराच्या घरी वेठ करायची, हे चक्र होते. सीमेपलीकडे उंबरगाव-डहाणू भागात १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, त्याची कारणेही अशीच होती. डोंगर एक, माणसे एक आणि दुःखही एकच होते.

साक्षरतेचा आणि जमिनीचा हा संबंध मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्या भागात शाळा ही नोकरीसाठी आवश्यक होण्याच्या फार पूर्वीपासून जमीन राखण्यासाठी आवश्यक होती. दुर्दैव असे की, जेव्हा ती सर्वांत आवश्यक होती तेव्हा ती नव्हती.

३. मुक्ती आणि त्यानंतरची सात वर्षे

१९५४ च्या जुलैत फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’च्या कार्यकर्त्यांनी दादरा मुक्त केले. पाठोपाठ नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक त्यात होते. तलासरीच्या बाजूने साम्यवादी कार्यकर्तेही उतरले होते. पुण्या-मुंबईच्या मराठी जगताशी या लढ्याचे नाते किती निकटचे होते, हे सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकार त्यात सामील झाला यावरून दिसते. ११ ऑगस्ट रोजी कॅप्टन फिदाल्गो शरण आला.

यानंतरचा कालखंड इतिहासकारांनी काहीसा दुर्लक्षिला आहे. १९५४ ते १९६१ या सात वर्षांत हा प्रदेश पोर्तुगालचा नव्हता आणि भारतातही विधिवत् सामील झालेला नव्हता. कारभार ‘वरिष्ठ पंचायत’ पाहत असे. विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यास येथील प्रमुख नेमण्यात आले, आणि दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा-नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश झाला. १९६७ पासून येथील मतदारांना लोकसभेत आपला प्रतिनिधी निवडून देण्याचा अधिकार मिळाला. ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

जमिनीचा प्रश्न मात्र मुक्तीच्या दिवशी सुटला नाही. त्यासाठी १९७१ चा जमीन सुधारणा विनियम यावा लागला. लागवडीची अट न पाळणाऱ्या अल्वारा १९७४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केल्या, त्याविरुद्ध दावे झाले, आणि त्या वादाचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला; रद्दबातल करण्याची कृती न्यायालयाने ग्राह्य धरली. १९१९ च्या कायद्याने जन्मलेला तंटा एकशेसहा वर्षांनी मिटला. एखाद्या खेड्यात चार पिढ्यांचे आयुष्य एका कागदाच्या छायेत कसे जाते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

४. आकडे काय सांगतात

आता जनगणनेकडे वळू. आकडेमोड सभेत कंटाळवाणी होते, हे मी जाणतो. परंतु थोडे आकडे सहन करावेत, अशी विनंती आहे.

१९६१ मध्ये या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. १९७१ मध्ये ती ७४,१७०. १९८१ मध्ये १,०३,६७६. १९९१ मध्ये १,३८,४७७. २००१ मध्ये २,२०,४९० आणि २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट! पण या वाढीचे दोन भाग आहेत. पहिल्या तीस वर्षांत लोकसंख्या सुमारे २.४ पट झाली; पुढच्या वीसच वर्षांत ती पुन्हा सुमारे २.५ पट झाली. दर चौरस किलोमीटरला १९६१ मध्ये ११८ माणसे राहत होती, २०११ मध्ये ७००.

ही दुसरी वाढ पाळण्यातून आलेली नाही. ती रेल्वेतून आणि ट्रकमधून आली आहे. १९९१ मध्ये अनुसूचित जमातींचे लोक १,०९,३८० होते, म्हणजे शंभरात एकोणऐंशी. २०११ मध्ये ते १,७८,५६४ झाले, पण प्रमाण शंभरात बावन्नावर आले. त्याच वीस वर्षांत इतरांची संख्या २९,०९७ वरून १,६५,१४५ झाली. आदिवासींची संख्या कमी झाली, असे कुणी समजू नये, ती वाढलीच. परंतु १९७१ मध्ये जो समाज शंभरात सत्याऐंशीच्या आसपास होता, तो चाळीस वर्षांत आपल्याच भूमीत जेमतेम निम्मा उरला.

दुसरा पुरावा स्त्री-पुरुष प्रमाणाचा. १९७१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १००७ स्त्रिया होत्या. १९९१ मध्ये ९५२, २००१ मध्ये ८१२ आणि २०११ मध्ये ७७४. हे आकडे पाहून बाहेरगावचा अभ्यासक म्हणेल की येथे मुलींचा घात होत असावा. वस्तुतः २००१ च्या याच गणनेत आदिवासी समाजात हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया होत्या. ७७४ हा आकडा कारखान्यात कामाला आलेल्या, बायकामुलांना गावी ठेवून चाळीच्या खोलीत चौघे-सहाजण राहणाऱ्या तरुणांचा आहे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाच्या खेड्यांतील घरे जितकी रिकामी झाली, तितकी आपल्याकडील चाळी भरल्या.

५. कारखाने कसे आले

हे घडले कसे? १९६५ च्या सुमारास पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. नंतर मसाट आणि खडोलीला वसाहती झाल्या. शेजारी वापीची गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वाढत होती, मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि लोहमार्ग हाताशी होते. तथापि खरी गर्दी झाली ती करसवलतींमुळे. नव्या उद्योगांना पंधरा वर्षे विक्रीकर माफ होता; १९९३ पासून औद्योगिकदृष्ट्या मागास प्रदेश म्हणून आयकरातही सूट मिळू लागली. कृत्रिम धाग्याचे, प्लॅस्टिकचे, तांब्याच्या तारेचे, औषधांचे कारखाने रांगेने उभे राहिले. १९९१ मध्ये नागरी लोकसंख्या शंभरात साडेआठ होती. २०११ मध्ये ती शंभरात सत्तेचाळीसच्या घरात गेली. सिल्वासा हे १९९१ पर्यंत बारा हजारांच्या आतले गाव होते. नगरपालिकेची हद्द वाढल्यानंतर २०११ मध्ये तेथे ९८,२६५ माणसे मोजली गेली.

याच काळात दमणगंगेवर मधुबन येथे धरण झाले. गुजरात, दमण आणि आपला प्रदेश यांचा हा संयुक्त प्रकल्प. पाण्याने शेती, कारखाने आणि शहरे यांची तहान भागविली. पण फुगवट्याखाली गेली ती पूर्वेकडील आदिवासी गावांची खाचरे. आज दुधनीला नौकाविहाराला जाणाऱ्या पर्यटकाला आपण कुणाच्या शिवारावरून वल्हवीत आहोत, याची कल्पना नसते. नदीकाठची सुपीक माती गमावून माणसे उतारावर सरकली, किंवा कारखान्याच्या फाटकाशी आली.

मी उद्योगांचा विरोधक नाही. ज्या घरात पावसाळ्यात कंदमुळांवर दिवस काढावे लागत, त्या घरात महिन्याचा पगार येणे ही मोठी गोष्ट आहे. खावटीचे चक्र कायद्याने जितके तोडले, तितकेच ते रोख मजुरीने तोडले, असे माझे प्रामाणिक मत आहे. प्रश्न एवढाच की, फाटकाच्या आत आपल्या मुलांना कोणती जागा मिळाली. यंत्रावरचा कसबी कामगार, पर्यवेक्षक, हिशेबनीस या जागा बहुधा बाहेरून शिकून आलेल्यांनी भरल्या. माल चढवणे-उतरवणे, झाडलोट, बांधकाम आणि कंत्राटी काम स्थानिकांकडे राहिले. सवलत पंधरा वर्षांची होती. एक मूल पहिलीत जाऊन तंत्रशिक्षण घेऊन बाहेर पडायलाही साधारण पंधराच वर्षे लागतात. कारखाना सवलतीच्या पहिल्या वर्षी आला. आपले मूल तयार झाले तेव्हा सवलत संपत आली होती. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला आणि करसवलतीच्या बळावर उद्योग खेचण्याचा तो जुना मार्ग बंद झाला. यापुढे या प्रदेशाजवळ उद्योगांना देण्यासारखे जे उरते, ते म्हणजे शिकलेली माणसे.

६. शाळेने काय केले

मग शाळा कुठे होती? १९७१ मध्ये शंभरातील पंधराच माणसे साक्षर होती. १९९१ मध्ये साक्षरतेचे प्रमाण ४०.७१ टक्के, २००१ मध्ये ५७.६३ आणि २०११ मध्ये ७६.२४ टक्के झाले. ही वाढ पाहून समाधान मानावे, तर मनात एक शंका येते. बाहेरून आलेले कामगार बहुधा शिकलेले. तेव्हा हा आकडा आपल्या शाळांनी वाढविला की रेल्वेने आणून दिला?

या शंकेने मीही बराच काळ साशंक होतो. परंतु आदिवासींचे आकडे वेगळे काढून पाहिले तेव्हा मत बदलावे लागले. २००१ मध्ये येथील अनुसूचित जमातींची साक्षरता ४१.२ टक्के होती. देशातील आदिवासींची सरासरी ४७.१. म्हणजे आपण सहा टक्क्यांनी मागे होतो. २०११ मध्ये येथील प्रमाण ६१.९ झाले आणि देशाची सरासरी ५९ वर होती. दहा वर्षांत मागे असलेला प्रदेश पुढे गेला. एकंदर साक्षरतेपेक्षा आदिवासींची साक्षरता अधिक वेगाने वाढली. हे काम रेल्वेचे नव्हे. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांचे, आश्रमशाळांचे, वसतिगृहांचे, दुपारच्या जेवणाचे आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळा उघडणाऱ्या मास्तरांचे ते काम आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांचा वाटा या आकड्यात आहे, हे मी औपचारिकतेने म्हणत नाही.

तरीही काम अपुरे आहे. २०११ मध्येही दर शंभर स्त्रियांत छत्तीस निरक्षर होत्या. साक्षर होणे आणि टिकणे यांत अंतर आहे, आणि ते जनरल रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात दिसते. शाळा सोडण्याचे कारण तेथे दोन-तीन शब्दांत लिहिलेले असते. त्या दोन शब्दांमागे धाकटे भावंड सांभाळणारी मुलगी असते, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेला मुलगा असतो. घरी वारली किंवा कोकणा बोलणारे मूल शाळेत येऊन मराठी किंवा गुजराती ऐकते, तेव्हा पहिली दोन वर्षे ते भाषेशीच झुंजत असते. आता या वर्गात भोजपुरी आणि ओडिया बोलणारी कामगारांची मुलेही बसतात. ती आपली नव्हेत, असे म्हणण्याचा मोह कुणास होऊ नये. ज्या समाजाला आपल्याच भूमीत परके व्हावे लागल्याचा अनुभव आहे, त्याने तरी दुसऱ्याच्या मुलाला परके म्हणू नये.

७. समारोप

२६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचे एकत्रीकरण होऊन एकच केंद्रशासित प्रदेश झाला. नाव, हद्द आणि कचेऱ्या यांत बदल होतच राहतील. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही. त्यामुळे गावाविषयीचे विश्वसनीय आकडे आपणाजवळ २०११ चेच आहेत. मधल्या काळाची नोंद कुठे आहे? माझे उत्तर असे की, ती शाळेच्या पटावर आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेसाठी आपण पंखे, बाके, पाण्याची टाकी देता, ते चांगलेच आहे. त्याबरोबर आपापल्या गावच्या शाळेची जुनी रजिस्टरे, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, उतरवून घ्या. वाळवी आणि ओल यांच्या तावडीतून ती वाचवा. गावात वर्षावर्षाला किती मुले दाखल झाली, किती चौथीपर्यंत टिकली, मुली केव्हा येऊ लागल्या, धरणानंतर कोणत्या पाड्याची मुले कुठल्या शाळेत गेली, याचा तक्ता मांडा. व्यक्तींची नावे जाहीर करण्याची गरज नाही. बेरजा पुरेशा आहेत. त्या तक्त्यातून या प्रदेशाचा जो इतिहास निघेल, तो पुणे तहाच्या कागदात आणि हेगच्या निकालपत्रात मिळणार नाही.

बारा हजार रुपयांच्या महसुलात ज्यांची गणती झाली, त्यांच्या पणतवंडांना नावानिशी हजेरीत बोलावण्याचे काम शाळेने केले. ते काम अर्धे झाले आहे. उरलेले आपल्याकडे आहे.

 दिवंगत गुरुजनांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून माझे भाषण संपवितो.